चार नोडचं मडकं

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने उस्मानाबाद शहराच्या नामांतराला मंजुरी दिली. सप्टेंबरात जिल्ह्याचं आणि तालुक्याचंही नाव धाराशिव झालं, आणि पाठोपाठ डीटीपीच्या दुकानांतलं काम आलं. लेटरहेड, पावतीपुस्तकं, गोल शिक्के, दाखल्यांचे छापील नमुने, दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचं रेडियम. बदलायचा शब्द एकच. तरीही अशा कामात एखाद्याचं पाच मिनिटांत उरकतं आणि दुसऱ्याला अख्खा दिवस लागतो.

हा फरक गिऱ्हाइकाने काय जपून ठेवलंय त्यावर ठरतो. ज्याच्याकडे 'ओपन फाइल' आहे, त्याचं जुनं नाव खोडून नवं टाइप केलं की झालं. ज्याच्याकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी आहे, त्याला सगळं मॅटर नव्याने बसवावं लागतं, कारण त्या चित्रात अक्षर असं काही नसतंच. रंगीत ठिपक्यांची गर्दी तेवढी असते. आणि एक तिसरा प्रकार असतो, त्यात नवशिका हमखास फसतो. फाइल आहे, उघडतेही, पण अक्षरं 'कर्व्ह' करून ठेवलेली. रेषा शाबूत आहेत, मात्र संगणकाच्या लेखी आता ते 'उस्मानाबाद' हे नाव नाही, काही आकार आहेत. मूळ फॉन्ट कोणता होता हे नजरेने ओळखत बसायचं.

व्हेक्टर, म्हणजे रेषांनी चित्र काढणारं सॉफ्टवेअर शिकायचं म्हणजे या तीन फायलींमधला फरक हाताला कळायला हवा. बहुतेक क्लासांत टूलबॉक्सच्या वरच्या टोकापासून सुरुवात होते आणि एकेक टूल करत खालपर्यंत जातात. महिनाभराने विद्यार्थ्याला चाळीस टूलांची नावं येतात, पण साधं केळीचं पान काढता येत नाही. आपण एका टूलपासून सुरुवात करू आणि बराच वेळ तिथेच थांबू.

त्याआधी थोडा हिशेब. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, आणि खवा-पेढ्यांचंही गाव. समजा, तिथल्या एका पेढेवाल्याचं बोधचिन्ह करायचं आहे. तेच चिन्ह पाव किलोच्या खोक्यावर चार सेंटिमीटरचं लागणार आणि रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर दहा फूट रुंद लागणार. चिन्हाचा फोटो १२०० ठिपके रुंद असेल तर खोक्यावर तो झकास छापला जाईल. दहा फूट म्हणजे १२० इंच. तिथे एका इंचाला दहाच ठिपके येतात, म्हणजे एकेक ठिपका अडीच मिलिमीटरचा चौकोन होतो. जवळून पाहिलं तर कडा पायऱ्यापायऱ्यांची दिसते. दुकानात याला 'फोटो फुटला' म्हणतात. तेच चिन्ह रेषांनी काढलेलं असेल तर फाइलमध्ये ठिपके नसतातच. 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असं वळण घे, आत हा रंग भर' एवढ्याच सूचना असतात. खोक्याच्या मापाला संगणक त्या सूचना एकदा पाळतो, फ्लेक्सच्या मापाला पुन्हा पाळतो. फुटायला काही शिल्लकच नाही.

फोटोचं काम मात्र याने होत नाही, हेही सांगून टाकतो. वाढदिवसाच्या बोर्डावरचे चाळीस चेहरे ठिपक्यांचेच राहणार. तिथे मोठा फोटो मागून घेणं हाच उपाय.

या वळणाच्या सूचना मोटारींच्या कारखान्यात जन्मल्या. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने १९५९ मध्ये ही पद्धत बसवली, पण कंपनीने ती बाहेर फुटू दिली नाही. रेनॉ कंपनीतला अभियंता पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होता. त्याने १९६० च्या दशकात ती प्रसिद्ध केली, म्हणून वळणाला नाव बेझिएचं लागलं. गाडीच्या पत्र्याचा गोलवा आकड्यांत पकडायचा, म्हणजे तो कुणाच्याही हातावर अवलंबून राहत नाही, एवढाच मूळ हेतू. पुढे १९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, आणि जानेवारी १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीचं कोरल ड्रॉ. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांनी आणि पाट्यांनी कोरलला जवळ केलं ते आजतागायत. तुम्ही उद्या ज्या दुकानात कामाला लागाल, तिथे बहुधा तेच असेल.

आता काम. धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो. तेर हे मडकी घडवणाऱ्या संत गोरोबा काकांचंही गाव, तेव्हा पहिला धडा मडक्याचाच घेऊ. तिथल्या शासकीय संग्रहालयात जुनी भांडी आणि भाजक्या मातीच्या वस्तू आहेत; जमलं तर जाऊन एखाद्या भांड्याकडे फक्त कडेची रेषा बघायची म्हणून बघा. उत्खननाच्या अहवालात मडक्याची चित्रं कशी काढतात तेही पाहण्यासारखं आहे. मधोमध एक उभी रेषा, तिच्या एका बाजूला कापल्यासारखा छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरून दिसणारं रूप. मडकं चाकावर घडलेलं असतं, म्हणून अर्ध्या कडेत सगळी माहिती येते. आपणही अर्धंच काढायचं.

पानाच्या मधोमध एक उभी गाइडलाइन ओढा. कोरलमध्ये बेझिए किंवा पेन टूल घ्या, इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी 'बी' दाबा. आता फक्त क्लिक करत जायचं, माउस ओढायचा नाही. पहिली क्लिक मध्यरेषेवर, तोंडाच्या उंचीला. दुसरी काठाच्या टोकाला. तिसरी मान जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे. चौथी पोट जिथे सगळ्यात फुगलंय तिथे. पाचवी बुडाच्या कडेला. सहावी पुन्हा मध्यरेषेवर, आणि मग पहिल्या बिंदूवर क्लिक करून आकार बंद. मडक्याऐवजी काहीतरी कोनाकोनाचं वेडंवाकडं दिसेल. दिसू द्या.

आता शेप टूल, म्हणजे कोरलमध्ये एफ १० आणि इंकस्केपमध्ये 'एन'. काठापासून बुडापर्यंतचे तीन तुकडे निवडून त्यांना वळणरेषा करा. कोरलमध्ये वरच्या पट्टीवर 'कन्व्हर्ट टू कर्व्ह' आहे, इंकस्केपमध्ये शिफ्ट आणि 'यू'. मान आणि पोट हे दोन बिंदू, म्हणजे नोड, 'स्मूथ' करा. काठ आणि बूड 'कस्प' ठेवा, कारण तिथे खरोखरच कोपरा आहे. प्रत्येक नोडला आता तुटक रेषेचे दांडे फुटलेले दिसतील. त्यांना हँडल म्हणतात. हँडल म्हणजे रेषेचा कासरा. ज्या दिशेला ओढाल तिकडे रेषा निघते, आणि जितकं लांब ओढाल तितका वेळ ती त्या दिशेला टिकते.

खुबी इथे आहे. मानेच्या आणि पोटाच्या नोडचे हँडल बरोबर उभे ठेवा, जराही तिरके नकोत. कंट्रोल दाबून ओढलं की ते ठरावीक कोनांवरच थांबतात, त्यामुळे सरळ उभे करणं सोपं जातं. मान सगळ्यात आत आहे आणि पोट सगळ्यात बाहेर. म्हणजे त्या दोन जागी रेषा क्षणभर उभीच असणार. हे एकदा लक्षात आलं की नोड कुठे द्यायचा हा प्रश्न उरत नाही. जिथे आकार सगळ्यात वर, खाली, आत किंवा बाहेर जातो तिथे आणि जिथे कोपरा आहे तिथे. बाकी कुठेही नाही. मानेपासून पोटापर्यंत रेषा आधी आतल्या बाजूला वळते, मग बाहेरच्या; एवढं दुहेरी वळण दोन नोडांमधला एकच तुकडा आरामात पेलतो. मधे तिसरा नोड देण्याचा मोह होईल. देऊ नका. दिलात तर तिथे हलकासा पोचा येईल, तो लपवायला चौथा नोड द्याल, आणि मग मडकं गाडीखाली आल्यासारखं दिसायला लागेल.

उरलेला अर्धा भाग काढायचाच नाही. कोरलमध्ये आकार निवडा, कडेचा चौकोनी ठोकळा कंट्रोल दाबून मध्यरेषेपलीकडे ओढा आणि माउसचं डावं बटण सोडण्याआधी उजवं दाबा. आरशातली प्रत तयार. इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि 'डी' ने प्रत घ्या, 'एच' ने उलटवा आणि सरकवून जागेवर बसवा. दोन्ही अर्धुकं कणभर एकमेकांवर चढवून वेल्ड करा, म्हणजे एकजीव करा. इंकस्केपमध्ये याला युनियन म्हणतात. मधल्या रेषेवर उरलेले फालतू नोड डिलीट करा. राहिले आठ, म्हणजे एका बाजूला चार. कोरलची खालची पट्टी निवडलेल्या आकाराचे नोड मोजून दाखवते, इंकस्केपचीही. ती सवयीने बघत जा.

कमी नोडचा एवढा आग्रह का, असं वाटेल. पडद्यावर ऐंशी नोडचं मडकंही मडक्यासारखं दिसतं. पण ते रेडियमच्या कटरला पाठवा. पातं प्रत्येक नोडपाशी दिशा बदलतं, दाट नोड आले की अडखळत चालतं, आणि व्हिनायलची कड दातेरी निघते. शिवाय गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, पोट थोडं मोठं करा," तर आठ नोडच्या मडक्यात दोन नोड हलवायचे असतात. ऐंशीच्या मडक्यात नवं मडकं काढणं परवडतं.

पूर्ण वर्तुळालाही चारच नोड लागतात. कोरलमध्ये वर्तुळ काढून कंट्रोल आणि 'क्यू' ने कर्व्ह करा आणि पाहा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक हँडल त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट लांब. गणिताच्या कसोटीवर हे अगदी शुद्ध वर्तुळ नसतं, पण चूक इतकी बारीक की दहा फुटांच्या वर्तुळातही ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहते. फ्लेक्स खिळ्यांवर ताणताना याहून जास्त वाकडा होतो.

मराठी अक्षरांत एक अडचण अशी आहे, जी इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून शिकलेल्याला कुणी सांगत नाही. 'धाराशिव' टाइप करा, ठळक फॉन्ट घ्या आणि कर्व्ह करा. आता त्याला एक लाल आउटलाइन द्या. शिरोरेषेवर जागोजागी उभ्या चिरा दिसतील. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आणि काना आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतात आणि शेजारच्यावर थोडा चढून बसतात. काळा रंग भरलेला असतो तोवर ही गोष्ट लपते. आउटलाइन दिली, पारदर्शक केलं किंवा कटरला पाठवलं की उघडी पडते. कटर तर प्रत्येक सांध्यावर पातं फिरवतो, आणि गाडीच्या काचेवर चिकटवताना शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी हातात येते.

यावर नवशिके कंबाइन करतात, म्हणजे कोरलमध्ये कंट्रोल आणि 'एल'. मग दुसरीच गंमत होते: जिथे दोन तुकडे एकमेकांवर होते तिथे पांढरी खिडकी पडते, कारण कंबाइन एकावर एक आलेला भाग वगळतं. इथे वेल्डच हवं. वेल्डने सगळे तुकडे वितळून एक होतात आणि बाहेरची एकच कड उरते. याच्या उलट प्रकार ब्रेक अपार्टचा. कोरलमध्ये कंट्रोल आणि 'के' दाबलं की 'व' चं पोट भरून तो काळा गोळा होतो, कारण आतली पोकळी आता सुटी वस्तू झाली. अशा वेळी बाहेरची कड आणि आतली कड, दोन्ही निवडून कंबाइन करायचं. पोकळी परत येते. वेल्ड कधी आणि कंबाइन कधी, एवढं ज्याला न अडखळता सांगता येतं त्याला मी शिकलेला समजतो.

'धाराशिव' मधला 'श' ही नीट बघून घ्या. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवला आहे. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये या दोन्ही अक्षरांचं वळण हिंदीचं आहे. तो फॉन्ट र. कृ. जोशींसारख्या थोर मराठी अक्षरकाराचा, आणि पडद्यावर वाचायला चांगलाच, पण जिल्ह्याच्या नावाच्या पाटीवर मराठी वळणच शोभतं. मराठी रूपं असलेला फॉन्ट निवडा, नाहीतर अक्षर कर्व्ह करून 'श' स्वतः दुरुस्त करा. मडकं जमलंय, आता तेही जमेल.

फॉन्टची दुसरी कटकट जुनी आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पत्रिकेतल्या आजोबांच्या नावाजागी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसतात. म्हणूनच प्रेसला फाइल देण्याआधी कर्व्ह करायची सवय पडली, आणि ती योग्यच आहे. मात्र कर्व्ह करण्याआधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. एक मॅटर जिवंत असलेली, आपल्याकडे ठेवायची; दुसरी कर्व्ह केलेली, प्रेसला द्यायची. नवं काम असेल तर युनिकोड फॉन्ट वापरा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू मोफत मिळतात आणि पाटीवर देखणे दिसतात. कोरलच्या फार जुन्या आवृत्तीत युनिकोडची जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात; तिथे आवृत्ती बदलण्यावाचून इलाज नाही.

दुसरा सराव तुळजापूरचा. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ काढायची. कवडी एकच काढा. लंबगोल घेऊन कर्व्ह करा, खालचा नोड थोडा ओढून एक टोक निमुळतं करा, मधे बारीक चीर, चिरेच्या दोन्ही कडांना आखूड दात. सगळं मिळून ग्रुप. मग माळेच्या झोळासाठी एक वळणरेषा, तीन नोडांची पुरे. कोरलमध्ये दोन टोकांना दोन कवड्या ठेवून ब्लेंड करा आणि त्याला 'न्यू पाथ' म्हणून ती रेषा दाखवा. इंकस्केपमध्ये 'पॅटर्न अलाँग पाथ' आहे, पण त्यात कवडी रेषेबरोबर वाकते. मला त्यापेक्षा क्लोन आवडतात. ऑल्ट आणि 'डी' ने कवडीच्या प्रती काढा आणि हाताने मांडा. मूळ कवडीचा रंग बदलला की सगळ्या बदलतात. हाताने मांडलेली माळ किंचित असमान येते. खऱ्या माळेतही कवड्या एका मापाच्या नसतात.

रंगाचं प्रकरण पुढे आहे, इथे दोनच सूचना. छापायच्या कामात काळं मॅटर फक्त काळ्या शाईत ठेवा, म्हणजे के १०० आणि बाकी तीन शून्य; चारी शाया मिळून केलेला काळा छपाईत जरा सरकला की बारीक अक्षराला रंगीत सावली पडते. आणि पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर उतरत नाही, त्याचा नाद सोडा.

कोरल की इंकस्केप, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. घरी शिकणाऱ्याने इंकस्केप घ्यावं. ते २००३ पासून आहे, मोफत आहे, चोरून वापरावं लागत नाही, मराठी युनिकोड नीट दाखवतं आणि कोरलची सीडीआर फाइल उघडूही शकतं, जरी त्यात सेव्ह करू शकत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे त्यावरचे धडे फुकट पाहता येतात. दुकानात नोकरी करायची असेल तर कोरलला पर्याय नाही, कारण गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली त्यातच आहेत. पण क्रॅक केलेल्या प्रतीवर धंदा उभारू नका. व्हायरसने एका रात्रीत सगळ्या ओपन फायली गिळल्या तर दाद कुणाकडे मागणार? नोड, हँडल, वेल्ड दोन्हीकडे एकच आहेत. एकात हात बसला की दुसऱ्यात फक्त बटणांच्या जागा शोधायच्या.

शेवटी ट्रेसबद्दल, कारण हे बटण तुम्हाला आजच कुणीतरी दाखवेल. फोटो टाका, बटण दाबा, व्हेक्टर तयार. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंधुक चिन्हाला ट्रेस केलं की शेकडो नोडांची गिचमिड मिळते. सरळ रेषा लाटांसारखी होते, कोपरे गोल होतात, 'व' चं पोट वाकडं होतं. हात बसलेला माणूस तेच चिन्ह खाली ठेवून वरून वीस मिनिटांत स्वच्छ काढतो. पुढच्या प्रकरणाकडे वळण्याआधी आपल्या गावातल्या एखाद्या पेंटरने रंगवलेल्या जुन्या पाटीचा फोटो घ्या, तो लॉक करून ठेवा आणि त्यातलं एक अक्षर वरून काढा. काढून झाल्यावर नोड मोजा, त्यातले निम्मे खोडा आणि अक्षर पुन्हा जागेवर आणा. ट्रेसचं बटण तोवर दाबू नका.